वस्ती-तांड्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी उभी करताना : नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

उपकेंद्रावर नुकतेच रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलीच नेमणूक मिळालेले डॉक्टर, नव्या एएनएम सिस्टर आणि एखाद्या संस्थेमार्फत गावपातळीवर स्त्रियांच्या आरोग्याचे काम हाती घेणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हा विषय पुस्तकात चार पानांत संपतो. प्रत्यक्षात मात्र तो एसटीच्या वेळा, रेशनकार्डावरचे नाव, तपासणीच्या टेबलाला पडदा आहे की नाही आणि ऊसतोडीला टोळी कधी निघणार अशा गोष्टींवर अडतो. म्हणून वैद्यकीय भागाइतकीच जागा येथे या गोष्टींना दिली आहे.

भारतात दरवर्षी साधारण सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचे निदान होते आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावतात. हा आजार एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोहोचायला बहुतेक स्त्रियांमध्ये दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या मधल्या काळात गर्भाशयाच्या मुखावर कर्करोगपूर्व बदल दिसतात आणि ते काही मिनिटांच्या उपचाराने काढून टाकता येतात. इतका मोठा अवधी हाताशी असताना बायका मरतात, याचे कारण त्या अवधीत त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ १.९ टक्के होत्या.

पहिला टप्पा : उपचाराची वाट आधी, तपासणी नंतर

नवी मंडळी बहुधा शिबिराची तारीख ठरवून कामाला लागतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की कार्यक्रम शेवटच्या टोकाकडून बांधायला घ्यावा. ज्या स्त्रीची तपासणी पॉझिटिव्ह येईल तिला कुठे, कोणाकडे, कोणत्या वारी पाठवायचे आणि तिथे तिच्यावर नेमके काय उपचार होतील, हे कागदावर लिहून झाल्याशिवाय पहिल्या स्त्रीला टेबलावर घेऊ नये. पॉझिटिव्ह असल्याचे सांगून पुढची वाट न दाखवणे म्हणजे धडधाकट बाईला घोर लावून घरी पाठवणे होय. असे एकदा घडले की त्या गावातली दुसरी बाई वर्षभर तपासणीला फिरकत नाही.

त्यासाठी आपल्या तालुक्याचा एक साधा आराखडा करावा. कर्करोगपूर्व बदलांवर थर्मल ॲब्लेशनचा, म्हणजे उष्णतेने तो भाग जाळून टाकण्याचा उपचार सर्वांत जवळ कुठे होतो, कॉल्पोस्कोपी (भिंगातून मुखाची बारकाईने पाहणी) आणि बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) कोणत्या रुग्णालयात होते, बायोप्सीचा अहवाल किती दिवसांत मिळतो आणि कर्करोग निघाल्यास रेडिएशनची सोय असलेले रुग्णालय कोणते, या प्रश्नांची उत्तरे स्वतः जाऊन, तिथल्या माणसांना भेटून मिळवावीत. मराठवाड्यात काम करणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, विदर्भात नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, तर कोकण-मुंबई पट्ट्यात परळ व खारघर येथील टाटा केंद्रे ही नावे परिचयाची असतातच. पण नाव ठाऊक असणे आणि ओपीडीच्या वाराला तिथल्या समाजसेवा विभागातील कोणाला भेटायचे ते ठाऊक असणे यांत फार अंतर आहे. जिल्हा रुग्णालयातील असंसर्गजन्य आजार कक्षाशी सुरुवातीलाच ओळख करून घेतली, तर यातले बरेचसे अंतर कमी होते.

किती स्त्रियांच्या उपचाराची तयारी ठेवायची, याचा अंदाजही आधीच बांधावा. तपासलेल्या शंभर स्त्रियांपैकी पाच ते पंधरा जणींची पहिली तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. एका दिवसात पाचशे बायका तपासण्याचा बेत आखणाऱ्याने त्या आठवड्यात पन्नास-साठ जणींच्या पुढच्या तपासणीची व उपचाराची सोय आपल्याकडे आहे का, हे स्वतःला विचारावे. नसेल तर शिबिर लहान करावे.

दुसरा टप्पा : कोणती तपासणी करायची ते ठरवणे

या निवडीवरचा फार मोलाचा पुरावा महाराष्ट्रातूनच आलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच अभ्यासात व्हीआयए म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली तपासणी आणि पॅप स्मिअर म्हणजे मुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी या दोहोंच्या गटांत मृत्यूंमध्ये तशी ठळक घट दिसली नाही. दुसरीकडे टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांमध्ये केलेल्या अभ्यासात, जेमतेम दहावी झालेल्या व चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासांत तुलनेसाठी ज्या स्त्रियांची तपासणी केली गेली नाही त्यांच्याबाबत नंतर गंभीर नैतिक प्रश्न विचारले गेले, हेही नव्या कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे. आपल्या हाती असलेले ज्ञान कोणाच्या वाट्याला काय येऊन मिळाले आहे, याचे भान त्यातून राहते.

या दोन अभ्यासांचा माझ्या मते अर्थ असा आहे. एचपीव्ही तपासणी शक्य असेल तिथे तीच करावी, कारण तिचा निकाल तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नसतो आणि निकाल निगेटिव्ह असलेल्या स्त्रीला पुढची किमान पाच वर्षे निश्चिंत राहता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ पासून हीच तपासणी पहिली पसंती म्हणून सुचवली आहे. ती शक्य नसेल तर व्हीआयए करावी. मात्र प्रशिक्षणात आणि नियमित देखरेखीत कसूर केली तर व्हीआयएचा उपयोग झपाट्याने कमी होतो. आपल्या शासकीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितली आहे आणि बहुतेक उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे याच पद्धतीने काम करतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, साधारणपणे पन्नाशीनंतर, ज्या भागावर बदल होतात तो भाग मुखाच्या आत सरकतो आणि व्हीआयएने दिसत नाही. अशा स्त्रीला ‘निगेटिव्ह’ असा शेरा देऊन घरी पाठवू नये. तिला एचपीव्ही किंवा पॅप तपासणीसाठी पाठवावे.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट असतो. त्यांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी. जवळच्या एआरटी केंद्राशी बोलून, त्या औषधे घ्यायला येतात त्याच दिवशी ही सोय करता आली तर त्यांची वेगळी खेप वाचते.

तिसरा टप्पा : गाव आणि वेळ

शिबिराची तारीख आरोग्य खात्याच्या सोयीने न ठरवता बायकांच्या कामाच्या वेळापत्रकावरून ठरवावी. बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. या तांड्यांवर जानेवारीत तपासणीला गेलेल्या पथकाला म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच भेटणार. पालघर, नंदुरबारच्या पाड्यांवर वीटभट्टीचे स्थलांतर असते, कोकणात भातलावणीच्या दिवसांत कोणाला क्षणाची उसंत नसते आणि शहरातल्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी बारा ते चार एवढ्याच वेळात मोकळ्या असतात. ऊसतोड कुटुंबे परतल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत तपासणी, उपचार आणि निदान एक पाठपुरावा बसला पाहिजे, म्हणून तपासणी मे-जूनमध्येच उरकावी. सप्टेंबरमध्ये पॉझिटिव्ह निघालेली बाई मुकादमाची उचल घेऊन बसलेली असते आणि उपचार अर्ध्यावर सोडून तिला जावेच लागते.

वस्तीची यादी आशाताईंकडे असते. तीस वर्षांवरील प्रत्येकीची सीबॅक अर्जातली, म्हणजे आशाताईंनी घरोघर भरायच्या आजारांच्या जोखमीच्या अर्जातली माहिती आधी भरलेली असल्यास कोणाला लक्षणे आहेत, कोणाची तपासणी झालेली नाही, हे घरोघर जाऊन ठरवता येते. यादीत ज्यांची नावे नसतात अशा बायकांकडे विशेष लक्ष द्यावे : शेतातल्या वस्तीवर राहणारी, पाल ठोकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबातली, परित्यक्ता, गावकुसाबाहेरची. धोका बहुधा त्यांनाच अधिक असतो आणि शिबिराचा निरोप त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी जातो.

चौथा टप्पा : बोलणे

बायका गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात आणि आपणही ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ असेच म्हणावे. बचत गटाच्या बैठकीत, ग्राम आरोग्य व पोषण दिवशी किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अर्धा तास मागून घेतला तरी पुष्कळ होते. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीचा, म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण नोंदणीचा, अनुभव या बाबतीत धीर देणारा आहे. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांविषयी बोलू लागल्यावर, तपासणीची कोणतीही मोहीम नसतानाही, लवकरच्या टप्प्यात निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले.

काय बोलावे? पाळीच्या मधे किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे असतील तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. लक्षण काहीच नसेल तर मात्र तीच तपासणीची खरी वेळ आहे, हे समजावून सांगायला वेळ लागतो. ‘मला काही होत नाही, मग कशाला उगाच?’ आणि ‘आता या वयात माझं काय राहिलंय?’ ही दोन उत्तरे सर्वत्र मिळतात. पहिल्याला उत्तर देता येते. दुसऱ्या उत्तरामागे, आपल्या शरीरावर वेळ आणि पैसा खर्च करण्याची आपली लायकी नाही, अशी आयुष्यभराची शिकवण असते. तिथे युक्तिवाद न करता शेजारणीबरोबर यायला सांगावे. सासू आधी तपासून घेते तेव्हा सून आपसूक येते, म्हणून पन्नाशीच्या आतबाहेरच्या, वस्तीत मान असलेल्या दोन-तीन बायका पहिल्या दिवशी याव्यात असा प्रयत्न करावा. घरच्यांशी बोलणे उपयोगी असते, पण संमती त्या स्त्रीचीच घ्यायची असते; ‘मालकांना विचारून सांगते’ म्हणणारीला तसा वेळ द्यावा आणि तिने स्वतः नकार दिला तर तो नकार मानावा.

एका गोष्टीबाबत मात्र अतिशय सावध राहावे लागते. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घालून महाराष्ट्रात हजारो गरीब बायकांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यांतल्या अनेकजणी चाळिशीच्याही आत होत्या. आपण ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारतो तेव्हा ऐकणाऱ्या बाईच्या मनात हा इतिहास जागा असतो, आणि गावाबाहेर दुकान मांडून बसलेला कोणीतरी आपल्याच शिबिराची चिठ्ठी पाहून तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ शकतो. म्हणून प्रत्येक सभेत, प्रत्येक पॉझिटिव्ह स्त्रीला आणि तिच्यासोबतच्या माणसाला स्पष्ट सांगावे : तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असे नाही आणि एवढ्यावरून पिशवी काढायची नसते. खरोखर कर्करोग असेल तर बायोप्सी न करता केलेली साधी पिशवीची शस्त्रक्रिया त्या स्त्रीचे पुढचे उपचार अवघड करून ठेवते, हेही सांगावे.

पाचवा टप्पा : जागा आणि साहित्य

आडोसा पक्का हवा. दाराला आतून कडी, खिडकीला जाड पडदा, टेबलाची बाजू दाराकडे न येणारी, जवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला कोपरा, एवढे नसेल तर त्या जागी तपासणी करू नये. शाळेच्या वर्गात बाके जोडून केलेले टेबल मला मान्य नाही. त्यापेक्षा बायकांना गाडी करून आरोग्य केंद्रात आणणे परवडते.

साहित्यात निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरणारे साधन), हातमोजे, कापसाचे बोळे, लांब काड्या, चांगला पांढरा प्रकाश आणि ताजे ॲसिटिक ॲसिड लागते. पाच टक्क्यांचे द्रावण करण्यासाठी ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड मिसळावे आणि बाटलीवर तारीख लिहून ते त्याच दिवशी वापरावे. पातळ न केलेले ग्लेशियल ॲसिड कातडी जाळते, त्यामुळे ती मूळ बाटली तपासणीच्या खोलीत आणूच नये. दिवसभरात जेवढ्या स्त्रिया अपेक्षित आहेत तेवढे स्पेक्युलम हवेत, नाहीतर दुपारनंतर निर्जंतुकीकरणात घाई होते. एका सिस्टरने दिवसाला पंचवीस-तीसपेक्षा जास्त व्हीआयए करू नयेत असे माझे ठाम मत आहे. त्यापुढे नजर थकते आणि आवाज चढतो.

सहावा टप्पा : प्रत्यक्ष तपासणी

पाळी चालू असलेल्या, गरोदर असलेल्या आणि बाळंतपण किंवा गर्भपात होऊन बारा आठवडे न झालेल्या स्त्रियांना पुढची तारीख द्यावी. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांचे शस्त्रक्रियेचे कागद पाहावेत. मुख शिल्लक ठेवलेले असल्यास तपासणी लागते.

बाईला लघवी करून यायला सांगावे, कपडे पूर्ण उतरवायला लावू नयेत. साडी किंवा परकर वर घेऊन, पांघरायला स्वच्छ चादर द्यावी. स्पेक्युलम तिला आधी हातात घेऊन पाहू द्यावा. थंडीच्या दिवसांत तो कोमट पाण्याने ओला करून घ्यावा. पायाशी उभ्या राहणाऱ्या मदतनीस मावशींनी या वेळी बाईच्या डोक्याशी यावे आणि तिच्याशी बोलत राहावे, ही साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी उलटी घडते. स्पेक्युलम हळू बसवून मुख पूर्ण दिसेपर्यंत थांबावे, स्राव पुसून घ्यावा, दोन प्रकारच्या पेशींच्या स्तरांची सीमारेषा कुठे आहे ती आधी शोधावी आणि मग भरपूर भिजवलेला बोळा मुखावर लावून घड्याळात पाहून एक मिनिट थांबावे. ‘थोडं चरचरेल, ताई, लांब श्वास घ्या’ एवढे आधी सांगितले की बाई दचकत नाही.

त्या सीमारेषेला लागून दाट, अपारदर्शक, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उठला तर तपासणी पॉझिटिव्ह. फिकट, धुरकट, सीमेपासून दूर असलेली पांढुरकी झाक, बारीक ठिपके किंवा पिवळसर फोड हे पॉझिटिव्ह धरायचे नाहीत. फुलकोबीसारखी वाढ, खोल जखम किंवा बोळा लागताच भळभळून येणारे रक्त दिसले तर ती संशयित कर्करोगाची खूण आहे आणि त्या स्त्रीचा रस्ता येथूनच वेगळा होतो. हे ओळखणे चित्रे पाहून येत नाही. नव्या व्यक्तीने आपल्या प्रत्येक निष्कर्षाची अनुभवी व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी आणि त्या स्त्रीची संमती असेल तर फक्त मुखाचे, नाव-गाव नसलेले छायाचित्र तज्ज्ञाला दाखवावे. ते स्वतःच्या फोनमध्ये राहू देऊ नये.

एचपीव्ही तपासणीसाठी स्त्री स्वतःच नमुना घेऊ शकते, आणि लाजेने किंवा पूर्वीच्या वाईट अनुभवाने टेबलावर चढायला नकार देणाऱ्या बायकांसाठी हा फार मोठा दिलासा आहे. मऊ काडी योनिमार्गात बोटभर, अडेपर्यंत सरकवायची, काही वेळा गोल फिरवायची आणि कुठेही न टेकवता नळीत टाकून झाकण लावायचे, एवढेच तिला करायचे असते. चित्र दाखवून आणि हाताच्या मुठीवर करून दाखवून समजावले की अक्षरओळख नसलेल्या बायकाही हे व्यवस्थित करतात. नळीवरचा क्रमांक आणि नोंदवहीतला क्रमांक जुळतो का, हे तिच्यासमोर तपासावे. ही पद्धत वापरताना निकाल काही दिवसांनी येतो, म्हणजे बाईला पुन्हा गाठावे लागते, हे विसरून चालत नाही. क्षयरोगासाठी तालुक्यात बसवलेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रांवर एचपीव्हीची तपासणीही होऊ शकते; जिल्ह्याशी बोलून त्यांचा वापर मिळाला तर निकाल लवकर हाती येतो.

सातवा टप्पा : निकाल सांगणे

निकाल एकटीला, बसवून, आवाज खाली ठेवून सांगावा. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रीच्या मनात पहिली शंका नवऱ्याविषयी किंवा स्वतःच्या चारित्र्याविषयी येते. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की वैवाहिक आयुष्यात बहुतेकांना तो कधी ना कधी लागतोच, बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो आणि तो केव्हा लागला हे कोणालाच सांगता येत नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगावे. बाहेर रांगेत बसलेल्या बायकांना तिच्या चेहऱ्यावरून निकाल कळू नये, यासाठी प्रत्येकीला सारखाच वेळ आत ठेवावे.

आठवा टप्पा : कर्करोगपूर्व बदलांवर उपचार

शक्य असेल तिथे तपासणीच्याच दिवशी उपचार करावेत. प्रत्येक जादा खेपेगणिक काहीजणी गळतात. थर्मल ॲब्लेशनचे हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र असते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस तापलेले त्याचे टोक मुखावर वीस ते तीस सेकंद टेकवले जाते, गरजेप्रमाणे एकाहून अधिक वेळा. भूल लागत नाही. पोटात पाळीसारखी कळ येते. जुन्या क्रायोथेरपीसाठी, म्हणजे गोठवून करायच्या उपचारासाठी, गॅसचे जड सिलिंडर वाहून न्यावे लागत, तो प्रश्न येथे उरत नाही. मात्र हा उपचार प्रशिक्षित हातांनीच आणि अटी पाळूनच व्हावा : संपूर्ण डाग दिसत असावा, तो मुखाच्या आत शिरलेला नसावा, यंत्राच्या टोकाखाली तो पूर्ण झाकला जावा आणि कर्करोगाची जराही शंका नसावी. यातली एकही अट पूर्ण होत नसेल तर कॉल्पोस्कोपीसाठी पाठवावे, जिथे लीप पद्धतीने, म्हणजे विजेने तापलेल्या बारीक तारेने, तो भाग काढून तपासता येतो.

घरी जाताना पुढची माहिती तोंडी आणि चिठ्ठीवर अशी दोन्हींनी द्यावी. काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, ते स्वाभाविक आहे. चार आठवडे शरीरसंबंध टाळावा. ताप, दुर्गंधी, ओटीपोटात सतत दुखणे किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेल्यास लगेच यावे. संबंध टाळण्याची गोष्ट नवऱ्याला सांगणे अनेकींना शक्य नसते. तिची इच्छा असेल तर सिस्टरने किंवा डॉक्टरांनी ती त्याला सांगावी, आणि तरीही जमणार नसेल तर निदान निरोध वापरावा म्हणून तो सोबत द्यावा.

नववा टप्पा : कर्करोग निघाला तर

या स्त्रीला चिठ्ठी देऊन पाठवू नये. तिच्यासोबत माणूस जावा. पहिल्या खेपेला आशाताई किंवा संस्थेची कार्यकर्ती बरोबर असली की केसपेपर, बायोप्सी आणि समाजसेवा विभाग या तीन खिडक्यांवर तिचा धीर टिकतो. निघण्यापूर्वी कागद पाहावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना लागू असून आयुष्मान भारतसोबत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात मिळतात, पण रेशनकार्डावर सासरचे नाव चढलेले नसणे आणि आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे असणे या दोन कारणांनी बायका परत येताना मी सतत पाहते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला फोन करून आधीच खात्री केली तर ही खेप वाचते. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि रेल्वेत कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला व सोबत्याला सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते.

लवकरच्या टप्प्यात शस्त्रक्रिया पुरते. आजार पुढे गेलेला असल्यास आठवड्यातून पाच दिवस असे सुमारे पाच आठवडे बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिसप्लाटिन हे औषध आणि त्यानंतर आतून दिले जाणारे ब्रेकीथेरपीचे रेडिएशन असा क्रम असतो, आणि हे सारे साधारण आठ आठवड्यांत पुरे व्हावे लागते. मध्ये खंड पडला तर आजार बरा होण्याची शक्यता घटते. बाहेरून दिला जाणारा शेक, म्हणजे रेडिएशन, संपल्यावर बाईला बरे वाटू लागते, रक्त जाणे थांबते आणि ‘आता झालं’ म्हणून ती घरी परतते. ब्रेकीथेरपी राहूनच जाते. हे टाळण्यासाठी दोन महिने ती कुठे राहील, जेवण काय, घरी लहान मुलांना आणि जनावरांना कोण पाहील, बुडालेल्या मजुरीचे काय, हे प्रश्न उपचार सुरू होण्यापूर्वी घरच्यांसोबत बसून सोडवावे लागतात. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी रुग्ण व नातेवाइकांची सोय होते; इतर शहरांत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे अशी यादी असते. आजार फार पुढे गेलेला असेल तेव्हाही वेदनाशमन आणि घरची शुश्रूषा यांची व्यवस्था करणे हे आपल्याच कार्यक्रमाचे काम आहे.

दहावा टप्पा : नोंदवही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मांडलेल्या धोरणात २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापूर्वी लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत व पुन्हा पंचेचाळिशीत चांगल्या दर्जाची तपासणी आणि आजार आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार अशी उद्दिष्टे आहेत. लसीची थोडक्यात माहिती प्रत्येक सभेत द्यावी : ती ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी सर्वांत गुणकारी आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२२ मध्ये मंजूर झाली, आणि मुलीला लस मिळाली तरी आईची तपासणी टळत नाही. पण गावपातळीवर आपल्या ताब्यात सर्वांत जास्त आहे तो तिसरा आकडा. मासिक अहवालात तपासलेल्या स्त्रियांची संख्या विचारली जाते. आपण स्वतःसाठी पॉझिटिव्ह स्त्रियांची वेगळी वही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येकीपुढे उपचार झाल्याची तारीख पडेपर्यंत ती ओळ उघडी धरावी.

त्या वहीत दोन फोन नंबर लिहावेत, कारण पहिला बहुधा नवऱ्याचा असतो आणि तो रिचार्जअभावी बंद असतो. दुसरा माहेरचा किंवा आशाताईंचा असावा. फोन कोणी उचलला तर काय सांगायचे आणि काय नाही, हे त्या स्त्रीला आधीच विचारून ठेवावे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाबाबत कोणत्या कारखान्याच्या पट्ट्यात टोळी जाते आणि परत येण्याचा अंदाजे महिना कोणता, हे लिहावे. वही कुलूपबंद कपाटात ठेवावी. दर महिन्याला गटप्रवर्तक आणि आशाताई यांच्या बैठकीत उघड्या ओळी वाचून प्रत्येकीची जबाबदारी एका नावावर टाकावी. उपचार झालेल्या स्त्रीची बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी असते. ऊसतोडीच्या गावांत तो महिना जर हंगामात येत असेल, तर तारीख थोडी पुढे घेऊन ती गावी परतल्यानंतरचीच द्यावी आणि त्याच दिवशी तिच्या सोबत येणाऱ्या, अजून तपासणी न झालेल्या जावेचे किंवा शेजारणीचे नाव यादीत घ्यावे.